हातावर ‘एमपी’ लिहिलेला सैनिक कुणाला अडवू शकतो?

लष्करी ट्रकांचा ताफा रस्त्यावरून चाललेला असतो. चौकात पांढरा पट्टा बांधलेला एक सैनिक उभा असतो. तो हात वर करतो आणि बाकीची सगळी वाहतूक जागच्या जागी थांबते. हे दृश्य पाहिलं की चार जणांची चार मतं निघतात. एक म्हणतो, सैनिकाला रस्ता अडवायचा अधिकार दिला कुणी? दुसरा त्याला समजावतो की हा साधा सैनिक नाही, दंडावरची ‘एमपी’ ही अक्षरं बघ, हा मिलिटरी पोलीस, म्हणजे लष्करी पोलीस आहे. तिसऱ्याच्या लेखी एमपी म्हणजे खासदार, त्यामुळे तो बुचकळ्यात. चौथ्याची शंका मात्र थेट मुळाशी जाते: जिथे हुकमाशिवाय पान हलत नाही, त्या सैन्याला पोलीस लागतातच कशाला?

पहिल्याचा आणि चौथ्याचा प्रश्न चांगला आहे. चौथ्यापासून सुरुवात करू, पण त्याआधी शब्दांचा थोडा गुंता सोडवावा लागेल.

आधी नावाचा गोंधळ

‘लष्करी पोलीस’ हे नाव जगात फार सैलपणे वापरलं जातं. ब्राझीलमध्ये रस्त्यावर गस्त घालणारे, चोर पकडणारे राज्यांचे गणवेशधारी पोलीस स्वतःला ‘पोलिसिया मिलिटार’ म्हणवतात. तिथल्या सैन्याचे पोलीस वेगळेच. इटलीचं काराबिनिएरी हे १८१४ साली स्थापन झालेलं दल दोन्ही कामं करतं, सैनिकांवरही लक्ष ठेवतं आणि सामान्य नागरिकांचे गुन्हेही तपासतं. फ्रान्सच्या जांदार्मरीतले जवान कायद्याने सैनिक, पण ग्रामीण भागातली पोलीस ठाणी तेच चालवतात आणि २००९ पासून ते गृह मंत्रालयाच्या हाताखाली आहेत. जपानची ‘केंपेताई’ १८८१ मध्ये सैन्याचे पोलीस म्हणून सुरू झाली, पुढे स्वतःच्या आणि जिंकलेल्या देशांतल्या लोकांवर पाळत ठेवणारी, त्यांचा छळ करणारी यंत्रणा झाली आणि १९४५ च्या पराभवाबरोबर संपली.

तेव्हा नावावर जाऊ नये. दोन गोष्टी विचाराव्यात: हे पोलीस नजर कुणावर ठेवतात, आणि स्वतः हुकूम कुणाचा मानतात? इथे बोलायचं आहे ते सैन्याच्या आत, मुख्यतः सैनिकांसाठी असलेल्या पोलिसांबद्दल. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. दुसरा प्रश्न मात्र या लेखात पुन्हा पुन्हा आडवा येणार आहे.

आणखी एक शब्द. ‘लष्करी कायदा’ म्हटलं की पुष्कळांना सैन्याने देशाचा ताबा घेतल्याचं चित्र दिसतं. त्याला मार्शल लॉ म्हणतात आणि त्याचा इथे संबंध नाही. इथे लष्करी कायदा म्हणजे सैनिकांना लागू असलेला वेगळा कायदा: भारतात १९५० चा आर्मी ॲक्ट, अमेरिकेत त्याच वर्षी मंजूर झालेली सामायिक लष्करी न्यायसंहिता. या कायद्यानुसार खटला जिथे चालतो ते कोर्ट मार्शल. नोकरीवर न सांगता दांडी मारली तर तुमचा-माझा फार तर पगार कापला जाईल. सैनिकाच्या बाबतीत तो गुन्हा आहे. नागरी पोलिसांच्या वहीत ज्यांना जागाच नाही असे गुन्हे या कायद्यात आहेत, आणि ते पाहायला वेगळी माणसं लागतात ती त्यामुळेच.

शिस्तीच्या घरात पोलीस कशाला?

सैन्य म्हणजे लाखो तरुण माणसं, त्यातली बहुतेक घरापासून लांब, हाताशी शस्त्रं आणि स्फोटकं, गोदामात इंधन आणि कपड्यांचे ढीग, छावणीत कुटुंबं, दारू, उधारी, भांडणं. एवढ्या मोठ्या वस्तीत चोरी, मारामारी, अपघात, बलात्कार आणि खून होणारच नाहीत असं मानणं हा भाबडेपणा आहे. हुकमाची सवय लागली म्हणून माणसाचा स्वभाव जात नाही.

पण मग त्या त्या तुकडीचे अधिकारी आहेतच की! आहेत, आणि रोजची शिस्त तेच सांभाळतात. बऱ्याच सैन्यांत प्रत्येक पलटणीचे स्वतःचे ‘रेजिमेंटल पोलीस’ही असतात. ते त्याच पलटणीतले जवान. फाटकावर पहारा देतात, कोठडी सांभाळतात. हे म्हणजे वर्गाचा मॉनिटर. तो वर्गातलाच असतो, उद्या त्याला याच मुलांबरोबर बसायचं असतं, आणि वर्गाची बदनामी ती त्याचीही बदनामी. लष्करी पोलीस म्हणजे बाहेरून येणारं भरारी पथक. त्यांना त्या वर्गाच्या इभ्रतीची काळजी करायची नसते.

सैन्यात ही काळजी फार खोलवर असते. पलटण एकमेकांसाठी मरायला तयार असते, कारण तिला तसंच घडवलेलं असतं. तीच पलटण एकमेकांची पापं झाकायलाही तितकीच तयार असते. युद्धात कामी येणारी ही गोष्ट तपासात आडवी येते. म्हणून लष्करी पोलिसांची बांधणी वेगळी, वरिष्ठांची साखळी वेगळी आणि टोपीसुद्धा वेगळी. ब्रिटिश लष्करी पोलिसांना लाल टोपीमुळे ‘रेडकॅप्स’ हेच नाव पडलं. भारतात लाल बेरे टोपी आणि पांढरा पट्टा. दुसऱ्या महायुद्धातले जर्मन लष्करी पोलीस गळ्यात साखळीने धातूचा पत्रा अडकवत, त्यावरून त्यांच्याच सैनिकांनी त्यांना ‘साखळीतले कुत्रे’ म्हणायला सुरुवात केली. लष्करी पोलिसांवर सैनिकांचं प्रेम कधीच नसतं, पण या नावात निव्वळ भीती आहे. युद्धाच्या शेवटी माघार घेणाऱ्या रस्त्यांवर हेच लोक कागद तपासत आणि पळपुटा ठरलेल्या माणसाचा पुढचा प्रवास अनेकदा फाशीकडे होई.

चौकातला माणूस: हलकं दिसणारं काम

शांततेत गुन्हे तपासणं हे लष्करी पोलिसांचं ठळक काम वाटतं. युद्धात मात्र त्यांची खरी किंमत कळते ती चौकात. सिनेमात रणगाडे दिसतात. त्यांना रस्ता कुणी मोकळा करून दिला हे दिसत नाही.

एका डिव्हिजनमध्ये हजारो वाहनं असतात. रस्ता एक, त्यावर पूल एक, रात्र काळोखी, दिवे बंद. प्रत्येक तुकडीच्या अधिकाऱ्याला वाटतं की आपलंच काम सगळ्यांत तातडीचं आहे, आणि आपापल्या जागी ते प्रत्येकाचं खरंही असतं. दारूगोळा आधी की जखमींना नेणारी गाडी आधी? कर्नलच्या जीपला वाट द्यायची का? हे ज्याने त्याने ठरवायचं म्हटलं तर अर्ध्या तासात सगळंच अडकेल आणि शत्रूच्या विमानांना आयतं लक्ष्य मिळेल. म्हणून मुख्यालय वाहतुकीचा आराखडा करतं आणि चौकात असा माणूस उभा करतं ज्याला फक्त तो आराखडा माहीत असतो. हुद्द्याने तो साधा शिपाई असेल, पण त्या चौकात तो सेनापतीच्या वतीने उभा असतो. कर्नलला थांबवायची ताकद त्याला येते ती तिथूनच.

ऑगस्ट १९४४ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नॉर्मंडीतून सुटलेलं अमेरिकी सैन्य इतक्या वेगाने देशात आत घुसलं की पेट्रोल मागेच राहिलं. रेल्वे मित्रराष्ट्रांच्याच बॉम्बफेकीत मोडली होती. तेव्हा २५ ऑगस्टला ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ नावाची ट्रकांची योजना सुरू झाली. जायचा रस्ता एक, परतीचा दुसरा, दोन्ही एकेरी, आणि त्यांवर इतर कुठल्याही वाहनाला मज्जाव. भरात असताना सुमारे ६,००० वाहनं दिवसाला १२,५०० टनांपर्यंत माल वाहत होती. चालकांत बहुसंख्य कृष्णवर्णीय सैनिक होते आणि नाक्यानाक्यावर लष्करी पोलीस. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत ही माळ तुटली नाही. पुढच्या मार्चमध्ये जर्मनीतल्या ऱ्हाइन नदीवरचा रेमागेनचा पूल अमेरिकनांच्या हाती लागला, तो सुरुंगांनी खिळखिळा झालेला होता. तोफांचा मारा चालू असताना पुलाच्या तोंडाशी उभं राहून गाड्या एकेक करून सोडायचं काम लष्करी पोलिसांनी केलं. ७ मार्चला हाती आलेला पूल १७ मार्चला कोसळला, पण तोवर पलीकडे पुरेसं सैन्य पोचलं होतं.

सोव्हिएत सैन्यात या नावाचं दल नव्हतं, काम मात्र होतंच. १९४५ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबर्ग दरवाजासमोर हातात झेंडे घेऊन रणगाड्यांना वाट दाखवणाऱ्या तरुण मुलींची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. रशियाने लष्करी पोलिसांना कायद्याचा आधार दिला तो २०१४ मध्ये.

भरकटलेले सैनिक गोळा करणं हेही याच रस्त्यावरचं काम. लढाईच्या गोंधळात माणसं तुकडीपासून सुटतात. त्यातला कोण वाट चुकलाय, कोण घाबरलाय आणि कोण पळून चाललाय हे त्याच्याकडे बघून कळत नाही. चांगला लष्करी पोलीस आधी पाणी देतो, मग तुकडीचं नाव विचारतो.

पकडायचं, पण शिक्षा द्यायची नाही

लष्करी पोलिसांच्या प्रमुखाला प्रोव्होस्ट मार्शल म्हणतात. जुन्या काळी हा माणूस जल्लादाचा सख्खा भाऊ होता. नेपोलियनविरुद्धच्या स्पेनमधल्या युद्धात ब्रिटिश सैन्याचे प्रोव्होस्ट एखाद्याला लुटताना रंगेहाथ पकडलं तर तिथल्या तिथे फटके देत. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनने १८१३ मध्ये या कामासाठी घोडेस्वारांची खास तुकडीही उभी केली. तरी त्याच वर्षी व्हिटोरियाची लढाई जिंकल्यावर त्याचे सैनिक पळणाऱ्या शत्रूचा पाठलाग सोडून नेपोलियनचा भाऊ, स्पेनचा राजा जोसेफ याच्या खजिन्यावर तुटून पडले, ते पडलेच.

आजचं चित्र वेगळं आहे, आणि भारताच्या आर्मी ॲक्टचं १०७ वं कलम त्याचा छान नमुना आहे. प्रोव्होस्ट मार्शलने कैदेतल्या माणसांचा ताबा घ्यायचा, शिस्त राखायची, गुन्हा करणाऱ्याला अटक करायची, कोर्ट मार्शलने दिलेली शिक्षा अमलात आणायची. स्वतःच्या अधिकारात मात्र कुठलीही शिक्षा द्यायची नाही. फटक्यांच्या जमान्याला या एका वाक्याने कुलूप लावलं. त्याच कलमात आणखी एक अट आहे आणि मला ती जास्त बोलकी वाटते: अधिकाऱ्याला अटक करायची तर दुसऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. म्हणजे चौकात कर्नलची जीप थांबवणारा शिपाई त्याच कर्नलला आपल्या अधिकारात बेड्या घालू शकत नाही.

पकडल्यावर पुढे काय? प्रकरण त्या सैनिकाच्या कमांडिंग ऑफिसरकडे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाकडे जातं. भारतात ताब्यात घेतल्याची खबर त्याला मिळाल्यापासून ४८ तासांच्या आत आरोपाची चौकशी सुरू व्हावी लागते, सेवेच्या निकडीमुळे ते अशक्य असेल तरच सूट. हा पलटणप्रमुख म्हणजे जुन्या एकत्र कुटुंबातला कर्ता. घर चालवणाराही तोच, कौतुक करणाराही तोच, किरकोळ गुन्ह्याला शिक्षा देणाराही तोच. गंभीर प्रकरण असेल तरच ते वर कोर्ट मार्शलकडे जातं.

मग मला अडवू शकतात का?

आता चौकातल्या पहिल्या माणसाचा प्रश्न. बहुतेक लोकशाही देशांत उत्तर असं: तुमच्यावर त्यांचा पोलिसी अधिकार चालत नाही. छावणीच्या आत, शस्त्रागाराशेजारी, ते तुम्हाला रोखतील, ओळख विचारतील आणि गरज पडली तर नागरी पोलीस येईपर्यंत थांबवून ठेवतील. रस्त्यावर ताफा जाईपर्यंत हात दाखवतील, आणि स्फोटकांनी भरलेल्या ट्रकांच्या मध्ये गाडी घालण्यात तुमचाही फायदा नाही. पण परवाना जप्त करणं, दंड लावणं, तुमच्यावर गुन्हा नोंदवणं हे नागरी पोलिसांचं काम. अमेरिकेत १८७८ च्या एका कायद्याने नागरी कायद्याच्या अंमलबजावणीसाठी सैन्य वापरण्यावरच बंधन घातलं. त्याला अपवाद आहेत आणि त्या अपवादांवर तिथे सतत भांडण चालू असतं.

उलट बाजूही पाहायला हवी. सैनिकाने नागरिकाविरुद्ध गुन्हा केला तर? देशोदेशी उत्तर बदलतं. भारतात सैन्याबाहेरच्या व्यक्तीचा खून किंवा तिच्यावर बलात्कार झाला, तर आरोपी सैनिकाचा खटला कोर्ट मार्शलपुढे चालत नाही. तो ‘प्रत्यक्ष सेवेत’ (ॲक्टिव्ह सर्व्हिस) असेल, देशाबाहेर असेल किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमा चौकीवर असेल तर अपवाद. या ‘प्रत्यक्ष सेवेत’ शब्दांत बरंच काही मावतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. जर्मनीने तर नाझी काळाचा धडा घेऊन शांततेच्या काळात लष्करी न्यायालयंच ठेवली नाहीत. सैनिकाचा खटला साध्या न्यायालयात, तपास नागरी सरकारी वकिलाच्या देखरेखीखाली, आणि तिथले लष्करी पोलीस ‘फेल्डयेगर’ यांच्याकडे शिस्त, वाहतूक, सुरक्षा.

नागरिकांशी संबंध वाढला की वेगळी माणसंही लागतात. झडतीच्या वेळी समोर स्त्रिया असतात, आणि पुरुष सैनिकाने त्यांची झडती घेणं कुणालाच मान्य नसतं. भारतीय सैन्यात अधिकारी नसलेल्या हुद्द्यांवर स्त्रियांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला तो लष्करी पोलिसांतच. निर्णय २०१९ चा, आणि ८३ जणींची पहिली तुकडी बंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रातून ८ मे २०२१ रोजी बाहेर पडली.

युद्धकैदी कुणाचे?

लढाईत समोरच्याने हात वर केले की तो कैदी होतो. १९४९ चा तिसरा जिनिव्हा करार सांगतो की हा कैदी पकडणाऱ्या सैनिकाच्या किंवा तुकडीच्या मालकीचा नाही, जबाबदारी देशाची. त्याला लवकरात लवकर लढाईच्या टापूतून मागे न्यायचं. नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैनिक क्रमांक एवढं सांगायला तो बांधील आहे, जास्त नाही. ज्याचा मित्र दहा मिनिटांपूर्वी याच शत्रूच्या गोळीने मेला, त्याच्या ताब्यात कैदी ठेवणं धोक्याचं. म्हणून बऱ्याच सैन्यांत कैदी लष्करी पोलिसांकडे सोपवतात: त्यांना राग कमी, नियम जास्त ठाऊक, निदान अपेक्षा तरी तीच.

इराकमधल्या अबू गरीब तुरुंगात २००३ मध्ये ती अपेक्षा धुळीला मिळाली. कैद्यांना नागवं करणारे, कुत्रे अंगावर सोडणारे, त्यांच्यासोबत हसत फोटो काढणारे अनेक पहारेकरी अमेरिकी लष्करी पोलीसच होते. जनरल टागुबा यांच्या चौकशीत निघालेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याशी जाते. कैद्यांचे जबाब घेणाऱ्या गुप्तवार्ता विभागाने पहाऱ्यावरच्या पोलिसांना कैद्यांना जबाबासाठी ‘तयार’ करायला लावलं होतं, आणि सैन्याच्या नियमांत नेमकी याचीच बंदी होती. राखणदार आणि जबाब घेणारा यांच्यातली भिंत पडली. त्या पोलिसांना तुरुंग चालवायचं पुरेसं शिक्षणही नव्हतं. आणि हे बाहेर आलं कसं? त्याच कंपनीतल्या एका तरुण लष्करी पोलिसाने जानेवारी २००४ मध्ये छायाचित्रांची तबकडी सैन्याच्या गुन्हे तपास शाखेकडे दिली. त्याच्या सोबत्यांना शिक्षा झाल्या, आणि त्याला स्वतःला गावी परतणं धोक्याचं झालं.

संशय साहेबांवरच असेल तर?

इथे ‘हुकूम कुणाचा मानतात’ हा दुसरा प्रश्न परत येतो. लष्करी पोलिसाची ताकद कमांडरकडून आलेली. मग तपासाचं बोट कमांडरकडे वळलं तर?

मार्च १९९३ मध्ये सोमालियात शांतिसेनेत गेलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी एका सोमाली मुलाचा छळ करून जीव घेतला. १९९५ मध्ये त्या सैनिकांची नावाजलेली छत्रीधारी (पॅराशूटने उतरणारी) रेजिमेंटच बरखास्त झाली. नंतरच्या चौकशीत लष्करी पोलीस हुकमाच्या साखळीत अडकलेले असल्याचं पुढे आलं. १९९७ मध्ये गंभीर गुन्ह्यांसाठी त्या साखळीबाहेरची तपास शाखा निघाली आणि १९९९ मध्ये लष्करी पोलिसांविरुद्ध तक्रारी ऐकणारा नागरी आयोग. एवढं करूनही २०२१ मध्ये लैंगिक गुन्ह्यांचे तपास नागरी पोलिसांकडे द्यायला सुरुवात करावी लागली.

अमेरिकेत २०२० मध्ये टेक्ससच्या फोर्ट हूड तळावर एका महिला सैनिकाचा खून झाला. त्यानंतरच्या स्वतंत्र समितीने गुन्हे तपास शाखेतले लोक अननुभवी आणि कामाने दबलेले असल्याचं म्हटलं. २०२१ मध्ये त्या शाखेच्या प्रमुखपदी पहिल्यांदा नागरी व्यक्ती आली. डिसेंबर २०२३ पासून खून, बलात्कार अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हे पलटणीच्या साखळीऐवजी स्वतंत्र लष्करी वकील ठरवतात. ब्रिटननेही २०२२ मध्ये तिन्ही दलांचे गंभीर गुन्हे एका वेगळ्या तपास शाखेकडे दिले.

या बदलांना सैन्यातून विरोध होतो आणि तो सगळाच स्वार्थी नसतो. शिक्षा देऊ न शकणाऱ्या अधिकाऱ्याचा हुकूम गोळीबारात कोण मानेल, हा त्यांचा सवाल. मला त्यात दम वाटतो, पण मर्यादित. दांडी, बेशिस्त, हुकूमभंग हे कर्त्याकडे, म्हणजे पलटणप्रमुखाकडे, राहू द्यावं. बलात्काराचा तपास करणाऱ्याला बढती देणारा तोच साहेब असेल, तर शिस्तीच्या नावाखाली भलतंच काही जपलं जातं.

सगळंच नागरी पोलिसांकडे का देत नाही?

कारण गुन्हा घडतो तिथे कधी कधी पोलीस ठाणंच नसतं. परक्या देशात, तोफांच्या टप्प्यात, पंचनामा करायला जाणाऱ्याला आधी जिवंत पोचता आलं पाहिजे. फ्रान्स यावर मधला मार्ग काढतो: परदेशी गेलेल्या सैन्यासोबत जांदार्म पाठवतो, ते सैनिकांसारखेच राहतात, पण गुन्ह्याचा तपास नागरी सरकारी वकिलाच्या देखरेखीखाली करतात.

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत हे कोडं आणखी अवघड होतं. तिथे एका तळावर अनेक देशांचे सैनिक असतात, आणि गस्तीवरच्या लष्करी पोलिसाचा देश एक, दारू पिऊन गाडी ठोकणाऱ्या सैनिकाचा दुसराच. गस्तवाला त्याला अटक करू शकतो, जबाब घेऊ शकतो, अहवाल लिहू शकतो. मग त्याला त्याच्याच देशाच्या तुकडीप्रमुखाच्या हवाली करावं लागतं, आणि गुन्ह्याचा खटला भरायचा की नाही ते त्याचा देश आपल्या कायद्याने ठरवतो.